आधी ॲड्रेस, मग सॉफ्टवेअर

लॅपटॉपवरून स्टेजची लाईट चालवायची तर सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हा प्रश्न या खेपेला बऱ्याच पत्रांत आहे. ऑर्केस्ट्रा, नाटक, दशावतार, गणेश मंडळ असे सगळेच विचारतात, पण प्रत्येकाचं काम वेगळं. त्यामुळे सगळ्यांना एकच नाव सांगून मोकळं होता येत नाही.

प्रश्न : आमची ऑर्केस्ट्रा पार्टी आहे. सोळा एलईडी पार (रंगीत डबा-लाईट, ५४ × ३ वॉट), चार शार्पी (फिरत्या डोक्याचे झोत), दोन ब्लाइंडर (प्रेक्षकांकडे तोंड केलेले दिवे), एक स्मोक मशीन एवढा माल एका टेम्पोत जातो. आतापर्यंत १९२ चॅनेलच्या डिस्को २४० बोर्डवर भागवलं. आता लॅपटॉपवर जायचंय. फुकटचं सॉफ्टवेअर चालेल की पैसे मोजावे लागतील? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : फुकटचं चालेल. तुमच्या मालाला क्यूएलसी प्लस पुरून उरेल. पण ते उतरवून घेण्याआधी कागद-पेन घ्या आणि चॅनेल मोजा. उजेड, लाल, हिरवा, हालचाल अशी लाईटची एकेक गोष्ट एकेका चॅनेलवर चालते, आणि लाईटला किती चॅनेल लागतात ते त्याच्या मेन्यूत निवडलेल्या मोडवर ठरतं.

पार ८ चॅनेलच्या मोडवर असतील तर १६ × ८ म्हणजे १२८. शार्पी १६ चॅनेलच्या मोडवर, ४ × १६ म्हणजे ६४. बेरीज बरोबर १९२, म्हणजे तुमचा बोर्ड इथेच भरला. ब्लाइंडरचे प्रत्येकी २ आणि स्मोकचं १ धरलं की १९७. लाईटला हुकूम नेणाऱ्या सिग्नलला डीएमएक्स म्हणतात. त्याच्या एका लाईनवर, म्हणजे एका युनिव्हर्सवर, ५१२ चॅनेल बसतात. तेव्हा तुम्हाला एक युनिव्हर्स लागतं आणि त्यातही निम्म्याहून जास्त जागा मोकळी राहते. चार-आठ युनिव्हर्सचा महागडा इंटरफेस (लॅपटॉपमधून डीएमएक्स काढणारी डबी) कोणी गळ्यात मारू लागला तर त्याच्यापुढे ही बेरीज ठेवा.

आता महत्त्वाचं : जुना बोर्ड विकू नका. तो तुमची स्टेपनी आहे. या बोर्डवर १२ बटणं, प्रत्येक बटणाला १६ चॅनेल, आणि त्यांचे ॲड्रेस, म्हणजे पहिल्या चॅनेलचे नंबर, ठरलेले असतात : १, १७, ३३, ४९ असे सोळा-सोळाने वाढत १७७ पर्यंत. लाईटचे ॲड्रेस याच मापात लावले तर तीच मांडणी लॅपटॉपलाही चालते आणि बोर्डलाही. पहिल्या आठ बटणांवर दोन-दोन पार बसवा : १ आणि ९, १७ आणि २५, ३३ आणि ४१, असं करत शेवटची जोडी ११३ आणि १२१. बोर्डच्या ए पेजवरच्या आठ फेडरांवर (सरकपट्ट्यांवर) जोडीतला पहिला पार येतो, बी पेजवर दुसरा. शार्पी १२९, १४५, १६१, १७७. पुढे ब्लाइंडर १९३ आणि १९५, स्मोक १९७. कार्यक्रमात लॅपटॉपने मान टाकली तर इंटरफेसमधली केबल काढायची, बोर्डला लावायची आणि गाणं चालू ठेवायचं. त्यासाठी बोर्डात आठ-दहा सीन (लाईटच्या साठवलेल्या मांडण्या) आधीच भरून ठेवा. ब्लाइंडर आणि स्मोक बोर्डवर येणार नाहीत. स्मोकचा रिमोट हाताशी असू द्या, ब्लाइंडरवाचून काही अडत नाही.

प्रत्येक लाईटच्या पाठीवर पांढरी टेप लावून ॲड्रेस आणि मोड दोन्ही लिहा. मोड लिहायचा राहतो आणि तिथेच घोळ होतो. एखादा पार ८ ऐवजी ७ चॅनेलवर गेला की ॲड्रेस बरोबर असूनही लाल मागितलं तर हिरवा लागतो. १२९ वरची शार्पी चुकून २० चॅनेलच्या मोडवर गेली तर ती १४८ पर्यंत जागा खाते. मग शेजारची शार्पी हलवली की हिचंही काहीतरी बदलतं आणि दोष बिचाऱ्या सॉफ्टवेअरला मिळतो.

पैसे मोजायचे ते इंटरफेसवर. बाजारात दोन जाती आहेत. स्वस्त केबलमध्ये फक्त यूएसबीची एफटीडीआय चिप असते, सिग्नलचा ताल लॅपटॉपलाच धरावा लागतो. ५१२ चॅनेलचा एक फेरा साधारण २३ मिलिसेकंदांत जातो, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४४ फेरे. प्रत्येक फेऱ्याच्या आधी लाईन क्षणभर दाबून धरायची असते, म्हणजे लाईटला कळतं की नवा फेरा सुरू झाला. विंडोज त्याच वेळी दुसऱ्या कामात अडकलं की हा ताल चुकतो. चांगले लाईट ते सांभाळून घेतात, हलके लाईट झटका देतात. दुसऱ्या जातीच्या इंटरफेसमध्ये स्वतःचा मायक्रोकंट्रोलर असतो. एन्टेकचा डीएमएक्स यूएसबी प्रो त्यातला, तर त्याच कंपनीचा ओपन डीएमएक्स यूएसबी पहिल्या जातीतला. प्रो जातीचा इंटरफेस ताल स्वतः धरतो आणि लॅपटॉप अडकला तरी शेवटचा फेरा पुन्हा पुन्हा पाठवत राहतो, म्हणजे स्टेज काळोखात जात नाही. घेताना ‘आयसोलेटेड’ आहे ना, हे विचारून घ्या. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

आता इतर नावांबद्दल. फ्रीस्टायलर फुकट आहे, फक्त विंडोजवर चालतं. डिस्को लाईटसाठी चांगलं, पण क्यूएलसी प्लस येत असेल तर त्याच्याकडे वळायचं कारण नाही. दास्लाईट शिकायला सोपं, पण त्यांच्याच इंटरफेसशी बांधलेलं. इंटरफेस बिघडला की गावात दुसरा मिळत नाही. लाईटकी फक्त मॅकवर. ग्रँडएमए३ ऑनपीसी फुकट उतरवता येतं, मात्र त्यांचं हार्डवेअर जोडल्याशिवाय त्यातून एकही लाईट लागत नाही. घरी बसून शिकायला ते घ्या, टेम्पोत न्यायला नको. मॅजिकक्यू फार ताकदीचं आहे, ते नाटकवाल्यांच्या प्रश्नात येईल. क्यूएलसी प्लस विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं आणि त्याची फाईल पेन ड्राईव्हवर टाकून दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडता येते. फिरत्या माणसाला या एका सोयीचं मोल फार.

बसवताना क्रम असा ठेवा. पहिल्यांदा इनपुट-आउटपुटच्या पानावर पहिल्या युनिव्हर्ससमोर तुमच्या इंटरफेसची खूण करा. मग फिक्स्चरच्या पानावर लाईट भरा. शार्पीच्या नकला इतक्या आहेत की यादीत तुमचं मॉडेल बहुधा सापडणार नाही. सोबतच्या फिक्स्चर एडिटरमध्ये मॅन्युअलमधला चॅनेलचा तक्ता बघून नवी व्याख्या करा, एकदाच अर्धा तास जातो. मग ‘सिंपल डेस्क’वर फेडर हलवून प्रत्येक लाईट तपासा. तोवर एकही सीन करू नका.

सीन करायला बसलात की एक खोड ध्यानात ठेवा. क्यूएलसी प्लसमध्ये पारचे लाल, हिरवा, निळा हे चॅनेल तीव्रतेचे धरले जातात आणि त्यात ज्याची किंमत जास्त ते जिंकतं. लाल सीन चालू असताना निळं बटण दाबलं तर लाल जात नाही, वर निळा चढतो आणि स्टेज जांभळं होतं. नव्या माणसाला वाटतं बटण बिघडलं. यावर उपाय ‘सोलो फ्रेम’. व्हर्च्युअल कन्सोलवर (पडद्यावरच्या बोर्डवर) सोलो फ्रेम काढायची आणि रंगांची सगळी बटणं तिच्यात ठेवायची, म्हणजे एक दाबलं की आधीचं आपोआप सुटतं. पारच्या रंगांची एक फ्रेम, शार्पीच्या हालचालींची दुसरी, गोबोंची (झोतातल्या नक्षीची) तिसरी.

सुरुवातीला बारा रंग, सहा चेस (ओळीने बदलत जाणारे सीन), चार हालचाली पुष्कळ झाल्या. पण दोन बटणं मोठी आणि वेगळ्या रंगाची करा : ‘निवेदन’ आणि ‘सत्कार’. निवेदनाला पुढचे पार कोमट पांढऱ्यावर सत्तर टक्के, शार्पी मागे मंद. सत्काराला सगळ्या हालचाली बंद, स्ट्रोब बंद, चेहऱ्यावर स्थिर उजेड. पाहुण्यांच्या हातात नारळ-शाल असताना शार्पी डोळ्यांत फिरली की आयोजक पुढच्या वर्षी बोलवत नाही.

शार्पीच्या ‘कंट्रोल’ चॅनेलवर दिवा बंद करणं आणि रीसेट असतं. प्रत्येक सीनमध्ये त्या चॅनेलची खूण काढून टाका. डिस्चार्ज दिवा चुकून विझला की गार झाल्याशिवाय पेटत नाही, काही मिनिटं जातात. काळोख हवा तर शटर बंद करायचं, दिवा नाही.

माऊसने कार्यक्रम चालवू नका. अकाईचा एपीसी मिनी किंवा कोर्गचा नॅनोकंट्रोल २ यांसारखा बटणा-फेडरांचा छोटा मिडी बोर्ड लॅपटॉपला जोडा. बटणाच्या गुणधर्मांत ‘ऑटो डिटेक्ट’ दाबून बोर्डवरचं हवं ते बटण दाबलं की दोघांची गाठ पडते. आणि विंडोजची झोप, स्क्रीनसेव्हर, अपडेट, यूएसबीची वीजबचत हे सगळं बंद करा. शेवटचं पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये खोल दडलेलं असतं. ते चालू राहिलं तर सिस्टिम यूएसबी पोर्टची वीज तोडू शकते.

प्रश्न : पार मधूनच लुकलुकतात, शेवटची शार्पी झटके देते. दोन सॉफ्टवेअर बदलून पाहिली, फरक नाही. आता तिसरं कुठलं घेऊ? (एक वाचक, मिरज)

उत्तर : तिसरं घेऊ नका. दोन सॉफ्टवेअरवर तोच दोष दिसला म्हणजे दोष बहुधा तारेत आहे.

लाईनच्या शेवटी टर्मिनेटर आहे का? नसेल तर आज संध्याकाळी करा. तीन पिनांचा नर एक्सएलआर प्लग, १२० ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर, सोल्डरिंगचा गन. रेझिस्टरची एक तार पिन २ ला, दुसरी पिन ३ ला, पिन १ मोकळी. पायांवर स्लीव्ह चढवा, म्हणजे प्लगच्या धातूला लागणार नाहीत. शेवटच्या लाईटच्या डीएमएक्स आउटमध्ये हा प्लग खोचायचा. सिग्नल तारेच्या टोकाला आपटून परत फिरतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. हा रेझिस्टर त्याला तिथेच जिरवतो. शेवटच्याच लाईटला झटके येणं हे याचंच लक्षण.

दुसरा संशय केबलवर. माइकची केबल आणि डीएमएक्सची केबल दिसायला सारखी, प्लगही तोच, म्हणून साउंडवाल्याची केबल लाईटला जाते. डीएमएक्सला ११० ते १२० ओहमची केबल लागते, माइकची त्याहून बरीच कमी असते. दहा मीटरवर खपून जातं, साठ मीटरवर अंगाशी येतं. खरी केबल मिळत नसेल तर चांगली कॅट ५ नेटवर्क केबल वापरा. एका जोडीतल्या दोन तारा पिन २ आणि ३ ला, दुसऱ्या जोडीतली एक पिन १ ला. डेटाच्या दोन तारा वेगवेगळ्या जोड्यांतून घेतल्या तर केबल चांगली असून उपयोग नाही.

तिसरं, वाय जोड. एका आउटमधून साधी वाय केबल काढून स्टेजच्या दोन्ही बाजूंना लाईन नेलेली असेल तर ती काढा. दोन लाईन हव्यात तर स्प्लिटर घ्या. एका लाईनवर ३२ पेक्षा जास्त उपकरणं नकोत.

एवढं करूनही त्रास राहिला तर वीज बघा. लाईट जनरेटरच्या एका फेजवर, लॅपटॉप साउंडच्या बोर्डवर दुसऱ्या फेजवर आणि अर्थिंगच्या नावाने माती. मग दोन्हीकडच्या अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो डीएमएक्सच्या पिन १ वरून इंटरफेसमध्ये आणि तिथून लॅपटॉपच्या यूएसबीत शिरतो. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात ना, ती धोक्याची खूण समजा. आयसोलेटेड इंटरफेस किंवा ऑप्टो-आयसोलेटेड स्प्लिटर ही वाट तोडतो. त्याच्या जोडीला जनरेटरजवळ अर्थचा रॉड ठोकलाच पाहिजे. तो माणसांसाठी.

दोष नेमका कुठे हे शोधायला लाईनचे दोन भाग करा : मधल्या लाईटच्या आउटमध्ये टर्मिनेटर लावून पुढचे सगळे तोडा. त्रास थांबला तर दोष पुढे, नाही तर मागे. उरलेल्या भागाचे पुन्हा दोन करा. तेवीस लाईटच्या लाईनमधली खराब केबल चार-पाच वेळा तोडल्यावर हातात येते.

प्रश्न : आम्ही राज्य नाट्य स्पर्धेत आणि मग इतरत्र प्रयोग करतो. दर थिएटरचे डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारे) वेगळे, दर वेळी सगळं नव्याने मांडावं लागतं. प्रकाशयोजनेचे ऐंशी-नव्वद क्यू (ठरल्या जागचे उजेडबदल) आहेत. लॅपटॉपवर कायमचे ठेवता येतील का? (एक नाट्यसंस्था, नगर जिल्हा)

उत्तर : येतील, आणि तुमच्यासाठी मॅजिकक्यू जास्त योग्य. लॅपटॉपवर ते फुकट आहे. आर्टनेट नोडमार्फत (नेटवर्कच्या तारेतून डीएमएक्स काढणारी डबी) डिमरला जोडता येतं, काही सोयी मात्र त्यांचं हार्डवेअर लावल्यावरच खुल्या होतात. शिकायला अवघड आहे, पंधरा दिवस घासावं लागेल. तरी नाटकाला ते घ्या, कारण तालमीत दिग्दर्शक १२ आणि १३ च्या मध्ये एक क्यू वाढवतो तेव्हा तो १२.५ होऊन बसतो आणि पुढचे नंबर हलत नाहीत. क्यूएलसी प्लसच्या क्यू लिस्टमध्ये पायऱ्या ओळीने मोजल्या जातात. मध्ये एक घातली की पुढच्या सगळ्यांचे नंबर सरकतात आणि संहितेत पेन्सिलीने लिहिलेले क्यू चुकीचे ठरतात.

क्यू तुमच्या स्वतःच्या चॅनेल नंबरांवर लिहा : १ म्हणजे कायम डावीकडचा पुढचा स्पॉट, २ मधला, आणि असंच पुढे. नव्या थिएटरमध्ये फक्त पॅच बदलायचा, म्हणजे तुमचा १ नंबर त्यांच्या कुठल्या डिमरवर आहे तेवढं सांगायचं. चोवीस डिमरचा पॅच वीस मिनिटांत होतो, क्यूंना हात लागत नाही. मग चढ-उतार तपासा, कारण त्यांच्या स्पॉटची ताकद तुमच्या नेहमीच्या स्पॉटसारखी असेलच असं नाही.

तारीख मिळाली की थिएटरला फोन करून तीन गोष्टी विचारा. डिमरला डीएमएक्स इन आहे का? प्लग तीन पिनांचा की पाच? ऑपरेटरच्या केबिनपासून डिमरपर्यंत तार आहे का? पाच पिनांचा असेल तर पाचातून तीन करणारा जोड सोबत न्या. पिन १, २, ३ जशाच्या तशा जोडायच्या, ४ आणि ५ मोकळ्या.

थिएटरचे एलईडी वापरणार असाल तर लांब फेडची काळजी घ्या. एका चॅनेलमध्ये ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. वीस सेकंदांत उजेड पूर्ण मावळवायचा म्हटलं तर सेकंदाला बारा-तेरा पायऱ्या पडतात. हॅलोजनची तार हळू गार होते म्हणून तिथे पायऱ्या दिसत नाहीत. एलईडी मात्र शेवटच्या टप्प्यात टकटक उतरतो आणि गंभीर प्रवेशाचा शेवट हातचा जातो. लाईटला १६ बिट डिमरचा (दोन चॅनेलवर, जास्त बारीक पायऱ्यांनी चालणारा) मोड असेल तर तो घ्या, नसेल तर त्याच्या मेन्यूत डिमरचा वेग मंद करण्याची सोय शोधा. आणि एलईडी किंवा मूव्हिंग हेडचा प्लग चुकूनही डिमरच्या सॉकेटमध्ये घालू नका. डिमर विजेची लाट कापतो आणि लाईटचा पॉवर सप्लाय जळतो. त्यांना सरळ वीज लागते.

प्रश्न : लावणीचा कार्यक्रम आहे. लाईट ढोलकीच्या तालावर आपोआप नाचवणारं सॉफ्टवेअर कोणतं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपोआप नाचवण्याची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ढोलकीपुढे ती हरते. ती माइकमधून येणारा मोठा ठोका शोधते. डीजेच्या गाण्यात बास ड्रम सरळ पडतो, तिथे जमतं. ढोलकीचा हात भरगच्च असतो, मधल्या बोलांनाही ती ठोके समजते, आणि लय चढली की तिची मोजणी दुपटीवर उडी मारते.

त्यापेक्षा बोटाने ताल द्या. क्यूएलसी प्लसमध्ये ‘स्पीड डायल’ असतो, त्यावर ‘टॅप’चं बटण. केरव्याच्या आठ मात्रांसाठी आठ पायऱ्यांचा चेस करा, चार वेळा टॅप केलं की पायरीची लांबी ठरते. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर पायरी ५०० मिलिसेकंदांची, १६० ला पोहोचली की ३७५. लय चढली की पुन्हा टॅप. चेस सुरू करायचं बटण समेवर दाबा, बाकी कशाहून हे महत्त्वाचं. लय बरोबर असून सम चुकली तर प्रेक्षकाला काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

मात्रेवर फक्त रंग आणि उजेड बदला. शार्पीचं डोकं मात्रेवर हलवू नका. ते लोखंड आहे, अर्धं वर्तुळ फिरायलाही त्याला वेळ लागतो. ३७५ मिलिसेकंदांत ते पोहोचत नाही, अर्ध्यातून मागे फिरतं आणि बेल्ट झिजतो. डोकं एका आवर्तनाला एकदा फिरू द्या. ध्वनिमुद्रित गाण्यावरचा नाच असेल तर गोष्ट वेगळी : क्यूएलसी प्लसच्या ‘शो मॅनेजर’मध्ये गाणं टाकून त्याच्याखाली सीन मांडता येतात.

प्रश्न : मंडळाच्या देखाव्याला १००० पिक्सेलची एलईडी पट्टी लावतोय. एक डीएमएक्स डोंगल (यूएसबी इंटरफेस) पुरेल का? वाय-फायने चालवलं तर तारा वाचतील. (एक मंडळ, पुणे)

उत्तर : दोन्हीला नाही. एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे ३ चॅनेल, म्हणजे एका युनिव्हर्समध्ये १७० पिक्सेल. १००० ला ६ युनिव्हर्स हवेत. एवढं नेटवर्कवरून पाठवायचं, आर्टनेट किंवा एसएसीएन या पद्धतीने, आणि लॅपटॉपपासून पट्टीच्या कंट्रोलरपर्यंत नेटवर्कची तार टाकायची. गणपतीच्या गर्दीत २.४ गिगाहर्ट्झवर हजारो मोबाइल असतात. दुपारी चाचणीत उत्तम चाललेलं वाय-फाय रात्री आठला अडखळतं. तार १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. आयपी पत्ते हाताने द्या : लॅपटॉप २.०.०.१, कंट्रोलर २.०.०.१०, दोन्हीकडे मास्क २५५.०.०.०.

सॉफ्टवेअर म्हणून एक्सलाईट्स घ्या. फुकट आहे, गाण्याबरहुकूम पिक्सेल मांडण्यासाठीच बनवलेलं आहे. तयार झालेला शो रास्पबेरी पायवर फाल्कन प्लेअरमधून चालवा, म्हणजे दहा दिवस लॅपटॉप मांडवात अडकून पडत नाही.

खरी अडचण विजेची येईल. ५ व्होल्टच्या डब्ल्यूएस२८१२ पट्टीत एक पिक्सेल पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो. हजार पिक्सेल म्हणजे ६० अँपिअर, ३०० वॉट. मीटरला ६० पिक्सेलची पट्टी असेल तर दर पाच मीटरला १८ अँपिअर. एकाच टोकाने वीज दिली तर दुसरं टोक पांढऱ्याऐवजी तांबूस दिसतं, कारण व्होल्टेज पडलं की आधी निळा आणि हिरवा मरतात. दर पाच मीटरच्या दोन्ही टोकांना वीज द्या, सगळ्या सप्लायांचे उणे एकमेकांना जोडा आणि सॉफ्टवेअरमध्ये उजेड चाळीस टक्क्यांवर बांधा. मांडवात त्याहून जास्त लागतही नाही. १२ व्होल्टच्या पट्ट्यांत बऱ्याचदा तीन एलईडींना मिळून एक चिप असते. तशी पट्टी असेल तर चॅनेल मोजताना एलईडी न मोजता चिपा मोजा.

प्रश्न : एक जण नावाजलेल्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत देतो म्हणतो. घ्यावी का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : नाही. ती चोरी आहे, शिवाय ती अपडेट घेत नाही, नव्या लाईटच्या व्याख्या तिच्यात येत नाहीत, आणि तिच्यासोबत लॅपटॉपवर काय आलं हे तुम्हाला कधीच कळत नाही. क्यूएलसी प्लस सरळ वाटेने फुकट मिळतं.

प्रश्न : आमची दशावतारी मंडळी आहे. जत्रांच्या हंगामात रोज नवं गाव. सहा एलईडी पार आणि एक स्मोक मशीन एवढंच आहे. ट्रिकसीनसाठी (चमत्काराच्या प्रवेशांसाठी) लॅपटॉप घ्यावा असं तरुण कलाकार म्हणतात. (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : इतक्या मालाला लॅपटॉप घेऊ नका. तुमचं नाटक संहितेवर चालत नाही, संवाद आयत्या वेळी रंगतात, हार्मोनियम-मृदंगाचा आणि नटाचा कल बघून उजेड बदलावा लागतो. तिथे क्यू लिस्टचा उपयोग नाही, बोटाखाली फेडर हवेत. १९२ चॅनेलचा साधा बोर्ड घ्या. सहा पारांना सहा बटणं : १, १७, ३३, ४९, ६५, ८१. ट्रिकसीनचे चार-पाच सीन एका बँकेत (बोर्डमधल्या सीनच्या कप्प्यात), रोजच्या राजदरबाराचे आणि वनाचे दुसऱ्या बँकेत. बँकांची नावं टेपवर लिहून बोर्डवर चिकटवा, कारण पहाटे तीनला डिस्प्लेवरचा आकडा आठवत नाही.

देवळाच्या आवारातली वीज रात्री कमी होते, त्याने एलईडी पारांना फारसं काही होत नाही. बहुतेकांचा पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो, पाठीवरच्या पट्टीवर तसं छापलेलं असतं, ते वाचून घ्या. स्मोक मशीनचा हीटर मात्र कमी व्होल्टेजवर उशिरा तापतो. १७० व्होल्टवर त्याची ताकद जवळपास अर्ध्यावर येते. ट्रिकसीनच्या वीस मिनिटं आधी ते चालू करा, आणि त्याची वायर पारांच्या बोर्डवर न घेता वेगळ्या सॉकेटवर घ्या.